भानामती म्हंजे काय, बेबी?

चौदाव्या वर्षी माझ्याइतकं शहाणं आमच्या गावात कोणी नव्हतं. हे माझं स्वतःचं मत होतं आणि ते मी कोणापासून लपवून ठेवत नसे. पुढं शहाणपण दरवर्षी थोडं थोडं झिजत गेलं. आता सत्तरी उलटल्यावर मला खात्रीनं एवढंच माहीत असतं की गुडघ्याचं तेल कोणत्या फळीवर आहे, आणि तेही नात ठेवते तिथंच असेल तर. पण तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या, त्यांना लाल फिती होत्या, आणि घरात एक शब्दकोश होता. एवढं भांडवल असलेली पोरगी किती नुकसान करू शकते, ते सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

गाव वडशापासून दोन कोसांवर, तलावाच्या काठाला. बाबा तिथल्या शाळेत गुरुजी होते. आम्ही त्या गावचे नव्हतो, बदलीनं आलेलो. घर बौद्धाचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाबांचं टेबल, आणि टेबलावर मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो कोश. बाबा सांगत, आपण देव घरातून काढले तेव्हा भुतंही त्यांच्या मागं निघून गेली, आता घर मोकळं आहे. मोकळ्या घरात मी आणि कोश ऐसपैस राहत होतो. शेजारी ढेकी होती. सकाळी धान कांडायला दोघी जणी तिच्यावर उभ्या राहिल्या की आमच्या भिंतीला ठक-ठक कळत असे, आणि वारा वडशाकडून असला तर मधूनच गाडीची शिट्टी येई. त्या तालावर मी कोश वाचत बसे. पान उघडायचं, बोट ठेवायचं, शब्द पाठ. दिवसभर तो शब्द कोणावर तरी मारायचा. माय चुलीवर लाखोळीची डाळ शिजवत असायची, बाजूला अंबाडीची भाजी. मी उंबऱ्यात बसून तिची भाषा तपासत असे.

"मले नको म्हणू माय, मला म्हण."

"मला म्हनलं का डाळ लवकर शिजते?" माय म्हणे. "आन् फुंकणी दे इकडं, शहानी."

आमच्याकडं दर दोन-तीन दिवसांनी भानाआजी मासे घेऊन येई. ढिवराची म्हातारी, नवरा तलावात जाळं टाकतानाच गेलेला, मूलबाळ नाही. मोहाच्या सालीसारखा रंग, अंगानं काटक, आणि दारात आली की हाक मारायच्या ऐवजी खोकायची. तो खोकला ऐकून माय आतूनच विचारी, "झिंगे का मरळ?" आणि बाहेरून उत्तर येई, "तुमच्या नशिबानं झिंगेच, गुरुजीनबाई." माय धान देई, ती झिंगे देई, मग दोघी ओसरीवर बसून अर्धा घंटा अशा गोष्टी बोलत की त्यातली एकही कोशात सापडत नसे. मला ती आवडायची, कारण मी काहीही सांगितलं तरी ती तोंडावर हात ठेवून "बापा" म्हणत असे. गावात माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच होती.

आता त्या शब्दाकडं येते. आमच्या गावात जादूटोण्याला नाव नव्हतं. म्हणजे जादू होती, भरपूर होती, पण तिचं नाव कोणी घेत नसे. गाय आटली, पोर सुकलं, नव्या नवरीला झटके आले की माणसं आवाज खाली करून एवढंच म्हणत, "केलं." कोणीतरी केलं. बस. मला या वाक्याचा भारी राग होता. मी विहिरीवर बायांना सांगत असे की हे क्रियापद सकर्मक आहे, नुसतं 'केलं' म्हणून चालत नाही, काय केलं ते सांगा, कोणी केलं ते सांगा, कर्ता कुठं आहे, कर्म कुठं आहे? बाया घागर डोक्यावर चढवत म्हणत, "अवो बाई, कर्ता पुसू नये." मी हसत असे. आज वाटतं, त्या वाक्यात माणसाचं नाव नव्हतं तोवर सगळं ठीक होतं. गावानं पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या अकलेनं ती जागा रिकामी ठेवली होती. भरली मी.

त्या हिवाळ्यात पाटलाच्या घरात नवीन सून आली होती. सुमन तिचं नाव, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि तिला झटके यायला लागले. मग घराच्या कवेलूंवर दगड पडायला लागले, दिवसाढवळ्या. मग एका सकाळी तिच्या दोन्ही दंडांवर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उठल्या, कातडी जळलेली. तिला काय झालं होतं ते मला आज नीट समजतं. तिला माहेरी जायचं होतं, आणि कोणी पाठवत नव्हतं. बिब्बा घरात असतो, दगड अंगणात असतात, आणि बोलता येत नसलं की माणूस हाताला येईल त्यानं सांगतो. पण हे तेव्हा ना तिला सांगता येत होतं, ना कोणाला ऐकू येत होतं. पाटलाचा जावई राजुऱ्याकडचा. तो आला, त्यानं फुल्या पाहिल्या आणि म्हणाला, "ही भानामती होय. आमच्याकडं असते."

गावाला नवा शब्द मिळाला. दोन दिवस तो सगळीकडं फिरला. ढेकीवर, तलावाच्या पारीवर म्हणजे बांधावर, शाळेच्या पायरीवर. कोणाला अर्थ माहीत नव्हता, म्हणून जो तो आपापला अर्थ भरत होता. कोणी म्हणे रोग आहे, कोणी म्हणे गाव आहे, एक म्हातारा म्हणत होता की नाटक कंपनी आहे, वडशाला उतरली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलीनबाई स्वतः आमच्या ओसरीवर आली, मागं सहा-सात बाया. पाटलीनबाई आमच्या ओसरीवर बसायची ही पहिली वेळ. मायनं चटई टाकली, ती चटईवर बसली नाही, कडेला टेकली.

"बेबी," ती म्हणाली, "तुह्या बापाच्या त्या मोठ्या पुस्तकात सगळे शब्द हायेत म्हंते. भानामती म्हंजे काय लिवलं हाय, पाह्य बरं."

बाबा शाळेत होते. आता विचार करा, चौदा वर्षांची पोरगी, पाटलीनबाई स्वतः विचारायला आलेली, सात बाया गप्प बसलेल्या. मी तो कोश असा आणला जसा काही मीच लिहिला होता. मायनं आतून डोळ्यांनी खुणावलं, नको. मी तिकडं पाहिलं नाही. शब्द सापडला. त्यात जादूटोणा, चेटूक असा अर्थ होता, आणि पुढं कंसात लिहिलं होतं की भानुमती नावाच्या एका प्रसिद्ध जादूगारणीवरून हा शब्द आला. एवढंच. वाचून मी थांबले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण मला अंधश्रद्धा दूर करायची होती ना. मी उभी राहिले आणि भाषण दिलं. हे पाहा, म्हटलं, भानामती म्हणजे रोग नाही आणि भूतही नाही, हा नुसता एका बाईच्या नावाचा अपभ्रंश आहे. नावं घासून घासून बदलतात. भानुमतीचं भानामती होतं, आणि भानुमतीचंच लाडानं भाना होतं.

तिथंही थांबले नाही. उदाहरण दिल्याशिवाय मुद्दा पक्का होत नाही, असं बाबा वर्गात सांगायचे.

"जसं आपल्या भानाआजीचं," मी म्हटलं.

कोणी ओरडलं नाही. एक बाई फक्त म्हणाली, "बाप्पा." पाटलीनबाई उठली, पदर झटकला, आणि मला म्हणाली, "हुशार हायेस वो पोरी." मी ते बक्षीस म्हणून घेतलं. त्या गेल्यावर मायनं माझ्या हातातून कोश काढून घेतला, लुगड्यात गुंडाळला आणि त्यावर बसून राहिली. मी विचारलं, "काऊन, काय झालं?" घाबरल्यामुळं माझ्याही तोंडून 'काऊन' निघालं.

"तू त्याईले नाव देलं," माय म्हणाली.

तिला भीती कशाची होती ते संध्याकाळी बाबांशी ती बोलली तेव्हा कळलं. नदीपलीकडच्या एका गावात त्याच वर्षी एका बाईवर असं नाव आलं होतं. लोकांनी तिचे दात पाडले, का तर दात नसले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही. उच्चारशुद्धी. ती बाई वाचली नाही. हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी लहान होते. शब्दकोश वाचायला मोठी आणि हे ऐकायला लहान.

दोन दिवसांत गावात पोरंसोरंसुद्धा कोशातलं ते वाक्य बोलायला लागली. भानाआजीचे मासे कोणी घेईना. तिच्या झोपडीच्या वाटेवरून जाणं बंद झालं. बाबांनी मला घेऊन दोन-तीन घरी जाऊन समजावलं. मी रडत रडत सांगितलं की मी चुकले, ती भानुमती फार जुनी, कुठली तरी दुसरी, आपल्या आजीशी तिचा काही संबंध नाही. माणसं चांगली होती, त्यांनी मला गूळ दिला, आणि म्हणाली, "पोर घाबरली. तिच्यावर बी केलं वाटते."

मग चावडीवर बैठक बसली. सकाळची वेळ, ऊन अंगावर घेत माणसं बसलेली, बाया मागं उभ्या. भानाआजी मधोमध उकिडवी, हातात जाळं, कारण तिला तलावावरूनच आणलं होतं. पोलीस पाटील म्हणून तक्रार ऐकणारा तोच पाटील ज्याच्या सुनेला झटके येत होते. बाबा पोलीस ठाण्यात जाईन म्हणाले तेव्हा माणसं हसली नाहीत, पण तोंड फिरवून विड्या पेटवल्या. ठाणं लांब होतं आणि तिथं जायचा रस्ता पाटलाच्या सहीतून होता.

"गुरुजी, एकच सांगा," पाटील शांतपणे म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, कित्येक रात्री झोपला नव्हता इतकंच. "तुमच्या पुस्तकात बाईचं नाव हाय का नाई?"

माझे बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. मला आजही त्यांचा राग येतो तो याच गोष्टीचा. "आहे," ते म्हणाले, "पण..."

त्या 'पण'च्या पुढचं कोणी ऐकलं नाही. आवाज वाढला. पाटलाचा जावई उभा राहून सांगत होता की त्यांच्याकडं अशा बाईचं काय करतात. बाबा मधे उभे होते, दोन्ही हात वर करून, वर्ग शांत करतात तसे, आणि वर्ग शांत होत नव्हता. मागून कोणीतरी लाकूड आणलं होतं. तेव्हा भानाआजीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मह्या आज्यानं ठेवलं जी माहं नाव," ती म्हणाली. "मी पैदा झाली तवा रडलीच नाई. डोये उघडून टुकूटुकू पाहे. सुईन म्हने, पोट्टी भानावर हाय. म्हून भाना."

मी लगेच ओरडले, "ऐका, ऐका, ही व्युत्पत्ती वेगळी आहे!" कोणी हसलंसुद्धा नाही.

"हे पुस्तकात हाय का?" जावयानं विचारलं.

पुस्तकात ते नव्हतं. एका ढिवराच्या पोरीच्या जन्माची गोष्ट कोणत्या कोशात लिहिलेली असणार?

आणि इथं बाबांचा संयम सुटला. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दोष नावातच आहे ना?" ते म्हणाले. "मग नाव बदलून टाका. म्हणा तिला गंगा. म्हणा गोदावरी. संपली भानामती. एवढ्यानं जात असेल तर बदला की नाव, माणूस कशाला मारता?"

टोमणा होता तो. त्यातला कडूपणा मला लांबून कळला. पण चावडी एकदम गप्प झाली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाटलानं विडी विझवली. "बरोबर बोलून राह्यले गुरुजी," तो म्हणाला, आणि मला दिसलं की त्याला किती सुटल्यासारखं वाटलं. त्यालाही ते लाकूड नको होतं. बाबांनी बोलायला तोंड उघडलं, भानाआजीकडं पाहिलं, लाकडाकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. त्यांनी मारलेल्या टोमण्याचा गावानं ठराव केला. आजपासून हिचं नाव गंगाबाई. जुनं नाव कोणी घ्यायचं नाही. जावयानं फक्त एक अट घातली, आणि ती सगळ्यांना पटली: कोणी मागून जुन्या नावानं हाक मारली आणि म्हातारीनं वळून पाहिलं, तर समजायचं, ती आतली अजून गेली नाही. मग पुढचं पुढं.

सुमनला माहेरी पाठवली, हवापालट म्हणून. दगड बंद झाले. गावाची खात्री पटली की नावानंच काम केलं. बाबांनी घरी येऊन हातपाय धुतले आणि भिंतीवरच्या तसबिरीकडं पाठ करून जेवायला बसले. पुढं कित्येक वर्षं लोक त्यांना त्या युक्तीबद्दल मान देत राहिले. त्यांना तो मान कधी परत करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दारात खोकला आला. माय आतून बोललीच नाही, तिला नाव काय घ्यावं तेच कळेना. मी बाहेर गेले. आजीनं टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "पुस्तक आन. माहं नाव पाहू दे."

मी कोश आणला, पान उघडलं. तिनं हात लुगड्याला पुसला, तरी माशाचं पाणी राहिलंच बोटांना. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे मी?"

"नाही आजी, ही दुसरी बाई आहे. फार आधीची."

"बरं," ती म्हणाली. बोट उचललं नाही. मग म्हणाली, "मंग तिले काऊन नाई बोलावलं चावडीवर?"

याचं उत्तर मी पुढं तीस वर्षं पोरींना मराठी शिकवताना शोधत होते असं म्हटलं तर छान वाटेल. तसं काही नाही. मी शोधलं नाही. मला भीती वाटायची.

गावातल्या पोरांना खेळ सापडला होता. आजी रस्त्यानं निघाली की कोणीतरी कुडाच्या मागून "भाना" म्हणे. पहिल्या दिवशी तिनं अर्धी मान वळवली आणि मग वळवल्यासारखं नको म्हणून तशीच मान पुढं फिरवत आभाळाकडं पाहिलं, जसा पक्षी दिसला. एका बाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा असंच झालं. मग ती आमच्या घरी आली आणि मायला म्हणाली, "गुरुजीनबाई, तुमची पोट्टी एक घडी द्या मले रोज. सकाऊन. काम हाय."

काम काय होतं ते तलावाच्या पारीवर कळलं. पहाट उलटून ऊन पडलेलं, पाण्यावर वाफ, दूर दोन डोंगे, बाकी कोणी नाही. "मी पुढं चालतो," आजी म्हणाली. बायाही तिथं 'चालतो' म्हणत, आणि त्या दिवशी मी तिला दुरुस्त केलं नाही. "तू मागून बोलाव मले. जुन्या नावानं. मी पाहीन नाई. पाह्यलं तर सांग."

ती चालू लागली. मी म्हटलं, "भानाआजी."

ती वळली.

"आँ?" ती म्हणाली, आणि आपणच हसायला लागली. "धत्. पुन्हा."

आम्ही पुन्हा केलं. ती पुन्हा वळली. साठ-पासष्ट वर्षं वळलेली मान होती ती. तिच्या मायनं हाक मारली तेव्हा वळलेली, नवऱ्यानं डोंग्यातून हाक मारली तेव्हा वळलेली. पाय ऐकतात, हात ऐकतात, ही मानच ऐकत नाही वो, असं ती तक्रार करी, एखाद्या वात्रट बकरीबद्दल सांगावं तशी. मी उभी राहून हाका मारत होते. हळू मारायच्या, जोरात मारायच्या, रागानं, प्रेमानं, कारण कोण कशी हाक मारेल सांगता येत नाही असं तिचं म्हणणं. एकदा तिनं सांगितलं, "आता रडून बोलाव, जसा कोनी पान्यात पडला." मी तसं ओरडले आणि ती नुसती वळली नाही, धावतच आली. मग आम्ही दोघी पारीवर बसून राहिलो. हसण्यासारखं होतं, आम्ही हसलो नाही.

चार-पाच दिवसांनी तिनं उपाय काढला. चालताना ती मनातल्या मनात जाळ्याचे डोळे मोजायची. हातात जाळं नसलं तरी असल्यासारखं धरायचं आणि एक, दोन, तीन. मोजणी चालू असली की हाक कानात येते पण मानेपर्यंत पोहोचत नाही, असं तिचं शास्त्र होतं. आणि खरंच, एका सकाळी मी अकरा वेळा हाक मारली आणि ती पारीच्या टोकापर्यंत सरळ गेली. परत आली तेव्हा मला म्हणाली, "पास झाली ना मी?" मी म्हटलं, "झालात." तिनं मला झिंग्यांची एक ओंजळ दिली, फी म्हणून. मायनं ते झिंगे शिजवले. मी खाल्ले नाहीत, असं लिहायला आवडलं असतं. पण मी खाल्ले, आणि चांगले लागले.

माझी नात ऊर्जानगरच्या क्वार्टरात माझ्याशेजारी बसून हे टाईप करते आहे. तिनं आत्ताच विचारलं, "आजी, मग तू जाऊन खरं का नाही सांगितलं? आता तर कायदा आहे." आता आहे. आणि खरं मी सांगितलंच होतं की. दोन-तीन घरी सांगितलं, चावडीवर ओरडले, पुढंही सांगत राहिले. ऐकायला कोणी तयार नव्हतं, कारण माझं पहिलं बोलणं त्यांना आवडलं होतं. आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य मी परत मागत होते आणि ते गावाच्या मालकीचं झालं होतं. नातीला हे पटलेलं नाही. ती माझ्यासारखीच आहे, मला तिची काळजी वाटते.

उन्हाळ्याच्या तोंडी बाबांची बदली झाली. जायच्या आधीच्या आठवड्यात माय आणि मी वडशाला बाजाराला गेलो. भानाआजी आमच्यासोबत होती, सुकवलेले झिंगे विकायला. आता लोक तिचे मासे घेत होते, गंगाबाई म्हणत होते, सगळं पूर्वीसारखं झालं होतं असं बाबा पत्रात नातेवाइकांना लिहीत. माय मिरच्या पाहायला थांबली. आजी आणि मी पुढं चाललो होतो, तिच्या डोक्यावर टोपलं, माझ्या हातात पिशवी. आमच्या गावची बरीच माणसं बाजारात होती. तांदळाच्या ढिगापाशी पाटलीनबाई उभी होती, तिनं आम्हाला पाहिलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भाने! अवो भाने!"

मी वळून पाहिलं. एक म्हातारी गर्दीतून वाट काढत येत होती, एका हातात काठी, दुसरा हात वर केलेला. तसाच काटक बांधा, तशीच हनुवटी. मला कोणी सांगायची गरज नव्हती. नदीपलीकडं दिलेली आजीची थोरली बहीण, जिच्याबद्दल ती मायला ओसरीवर सांगायची, वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. आजी चालत होती. पाऊल कमी नाही, जास्त नाही.

"आजी," मी हळूच म्हटलं, "तुमची बहीण."

"आयकू येते मले," ती म्हणाली. ओठ हलले नाहीत जवळजवळ. "तू बी समोर पाह्य. लोकं पाहून राह्यले."

"भाने, थांब ना वो बाई." आवाज आता दहा पावलांवर होता, आणि त्याला धाप लागली होती. पाटलीनबाई तांदूळ हातात घेऊन तशीच उभी होती, निवडत नव्हती. माझ्या शेजारी आजीची मोकळ्या हाताची बोटं हलायला लागली, नसलेल्या जाळ्यावर. बारा, तेरा, चौदा. मी पिशवी घट्ट धरली आणि समोर पाहत राहिले. चौदा वर्षांची, जगातले सगळे शब्द पाठ असलेली मी, आणि त्या दहा पावलांत टाकायला माझ्याजवळ एकही नव्हता. मागची काठी थांबली. ती म्हातारी कोणाला तरी सांगत होती, दमलेल्या, ओशाळलेल्या आवाजात, "नाई वो, दुसरीच होय. मले वाटलं, माही बहीन होय."